फायटर माशाच्या टाकीची सजावट: आधी बादली, मग टाकी

आपल्याकडे दुकानांत 'फायटर' या नावाने विकला जाणारा बेटा मासा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या सखल प्रदेशातला आहे. भातखाचरे, दलदली आणि गवताने भरलेले संथ पाट हे त्याचे घर. 'बेटा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव त्याला १९१० साली मिळाले, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. रानातला बेटा आखूड परांचा आणि मळकट रंगाचा असतो. आपल्या टाकीत पदरासारखी लहरणारी जी लांब शेपटी दिसते, ती माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून वाढवलेली आहे, आणि सजावटीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्या काडीकचऱ्यातून रानातला बेटा सहज निसटून जातो, त्याच काडीत लांब परांच्या बेटाची शेपटी अडकते आणि फाटते.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. एक म्हणजे आपले पाणी. बहुतेक गावांत आणि शहरांच्या नव्या वसाहतींत बोअरचे पाणी वापरले जाते, आणि ते क्षाराचे असते. ज्या घरात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्या घराला हे वेगळे सांगायला नको. अशा पाण्यात चुन्याचे प्रमाण वाढवणारी वस्तू ठेवणे म्हणजे आधीच खारट झालेल्या वरणात पुन्हा मीठ टाकणे. दुसरा पदर शेतीचा आहे. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात फवारणी सर्वत्र चालू असते, त्यामुळे बांधावरून किंवा ओढ्यातून उचलून आणलेली फांदी, गवत किंवा शेवाळ माशासाठी विषारी ठरू शकते. पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके माणसाला जेवढी घातक असतात त्याच्या कितीतरी पट अधिक माशांना घातक असतात.

म्हणून टाकीत ठेवण्याच्या प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू पर फाडेल का, आणि ही वस्तू पाण्यात काही सोडेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाताने आणि कापसाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळायला एक बादली आणि आठ दिवस लागतात. ही बादली नवी घ्यावी, तिला साबण किंवा कपड्यांची पावडर कधीही लावू नये, आणि घरात कोणी चुकून धुण्याला घेऊ नये म्हणून तिच्यावर ठळक खूण करून ठेवावी.

पहिली पायरी: टाकीचे माप

एका नर बेटासाठी १५ इंच लांब, १० इंच रुंद आणि १० इंच उंच अशी टाकी पुरेशी होते. तिची क्षमता सुमारे २४ लिटर भरते. दुकानाच्या काउंटरवर दिसणारी दोन-तीन लिटरची काचेची गोल भांडी सजवायला सोपी असली तरी त्यांत सजावट ठेवली की माशाला वळायलाही जागा उरत नाही. सजावट पाण्याची जागा खाते, हे विसरू नये. तीन किलो वजनाचा काळा दगड जवळजवळ एक लिटर पाणी हटवतो.

दुसरी पायरी: पर फाटेल का, हे पाहणे

माझ्या पहिल्या बेटाची शेपटी एका प्लास्टिकच्या रोपाने फाडली. हिरव्यागार, टोकदार पानांचे ते रोप दुकानदाराने माशाबरोबर जवळजवळ फुकटात दिले होते. चौथ्या दिवशी शेपटीला दोन उभ्या चिरा दिसल्या. मी तो पर कुजण्याचा रोग समजून पंधरा दिवस औषध टाकत राहिलो. चिरा वाढतच होत्या. शेवटी टाकी धुताना ते रोप ओल्या हातात घट्ट धरले, तेव्हा बोटाला खरचटले आणि मग सगळे लक्षात आले. साच्यातून काढताना राहिलेली प्लास्टिकची बारीक धार प्रत्येक पानाच्या कडेला होती, आणि ती कोरड्या हाताला मुळीच जाणवली नव्हती.

तेव्हापासून मी पुढील पद्धत पाळतो. वस्तू आधी पाण्यात भिजवावी आणि ओल्या बोटाने तिच्या प्रत्येक कडेवरून सावकाश फिरवून पाहावे. त्यानंतर ती कोरडी करून तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे कापसाचे तंतू चिकटून राहतात तेथे धार आहे. शेवटी जुनी शिफॉनची ओढणी किंवा नायलॉनचा पातळ पायमोजा त्या वस्तूवरून हलक्या हाताने ओढावा. धागा अडकला किंवा जाळी निघाली, तर त्या जागी माशाचा परही अडकेल, कारण बेटाचे पर शिफॉनपेक्षा नाजूक असतात. ही परीक्षा वस्तूच्या बाहेरच्या बाजूबरोबर आतल्या पोकळीतही करावी, कारण मासा सर्वाधिक घाईने गुहेतूनच बाहेर पडतो.

जेथे धागा अडकतो ती जागा दगड, करवंटी किंवा पाइपच्या बाबतीत कानस आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करता येते. प्लास्टिकच्या रोपाच्या बाबतीत तसा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ते सरळ टाकून द्यावे. कापडी पानांची, म्हणजे दुकानात 'सिल्क प्लांट' म्हणून मिळणारी रोपे परांना सौम्य असतात, पण त्यांच्या देठात लोखंडी तार आहे का, हे वाकवून पाहावे. देठ वाकवल्यावर तसाच राहिला, तर आत तार आहे असे समजावे; तिचे टोक बाहेर येते आणि ती गंजतेही.

मासा आखूड परांचा, म्हणजे 'प्लाकाट' जातीचा असेल तर धोका कमी होतो. हाफमून आणि क्राउनटेल या लांब परांच्या जातींसाठी मात्र वरची परीक्षा मी कधीही टाळत नाही.

तिसरी पायरी: दगड

दगडाच्या बाबतीत मराठवाड्यातला माणूस भाग्यवान आहे, कारण आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही. ज्या खडकात वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी कोरली गेली, त्याच खडकाचा गुळगुळीत गोटा बेटाच्या टाकीसाठी उत्तम असतो. लाव्हारस थंड होताना या खडकात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत वेगवेगळी खनिजे भरली गेली. त्यामुळे काळ्या दगडात पांढरे ठिपके किंवा पांढऱ्या गाठी दिसल्या, तर केवळ काळ्या भागाची परीक्षा करून समाधान मानू नये. ती पांढरी गाठ गारगोटीच्या जातीची असेल तर चिंता नाही. ती कॅल्साइट असेल तर तिच्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरत राहील.

खरा सावध राहण्याचा दगड म्हणजे शहाबादी फरशी. ही फरशी चुनखडकाची असते. आपल्याकडे तिचे तुकडे प्रत्येक अंगणात, न्हाणीत आणि गच्चीत पडलेले असतात, ते सपाट असतात, एकावर एक रचले की सुरेख गुहा होते, आणि म्हणूनच नव्या हौशी माणसाचा हात सर्वांत आधी त्यांच्याकडे जातो. स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग का पडतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या दगडाचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही: आम्ल लागले की चुना विरघळतो. टाकीचे पाणी लिंबाइतके आंबट नसते, पण माशाची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून त्यात आम्लता तयार होत राहते, आणि दगड महिनोन्‌महिने त्यातच पडून असतो. हाच नियम संगमरवराला, समुद्रावरून आणलेल्या शंख-शिंपल्यांना, पोवळ्याला आणि शेतात काळ्या मातीत सापडणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांना लागू आहे.

ओळखण्याची रीत साधी आहे. दगड घासून, धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा. खिळ्याने किंवा कानशीने त्याच्या पृष्ठभागावर खरवडून थोडी भुकटी काढावी आणि त्या जागेवर पांढऱ्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाकावेत. भुकटी काढण्याचे कारण असे, की व्हिनेगर हे सौम्य आम्ल आहे आणि अखंड दगडावर त्याची क्रिया इतकी मंद होते की ती डोळ्यांना दिसत नाही. बुडबुडे आले किंवा दगड कानाजवळ धरल्यावर सूं-सूं असा बारीक आवाज आला, तर तो दगड बाद करावा. व्हिनेगर नसेल तर ताज्या लिंबाचा रस वापरावा. संडास धुण्याच्या ॲसिडने ही परीक्षा अधिक स्पष्ट होते हे खरे, पण त्याची वाफ आणि शिंतोडे यांचा धोका पाहता घरात, विशेषतः मुलांसमोर, मी ते वापरू नये असेच म्हणेन.

क्षाराच्या पाण्यात थोडा चुना वाढल्याने असे काय बिघडते, असा प्रश्न येथे येतो. बेटा मासा साधारण ६.५ ते ७.५ पीएचच्या (पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी आंबट) पाण्यात सुखाने राहतो आणि हळूहळू सवय झाली तर त्याहून थोड्या अधिक पीएचचे पाणीही सहन करतो. त्याला सहन होत नाही तो सततचा बदल. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की उघड्या टाकीतले पाणी झपाट्याने उडून जाते, मात्र त्यातले क्षार टाकीतच मागे राहतात. समजा, टाकीत २० लिटर पाणी आहे, आठवड्याला २ लिटर पाणी उडते आणि आपण तेवढेच ६०० पीपीएम टीडीएसचे बोअरचे पाणी वरून घालतो (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, आणि पीपीएम म्हणजे दर दहा लाख भागांतले भाग). हिशेब केला तर दर आठवड्याला टाकीचा टीडीएस ६० ने चढतो, म्हणजे महिन्यात २४० ने. हे चढत असतानाच शहाबादीचा तुकडाही आपला चुना देत असेल, तर दोन महिन्यांत ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षा वेगळे झालेले असते, आणि मग आपण एकदम अर्धे पाणी बदलले की माशाला धक्का बसतो. यावर उपाय म्हणजे उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. टीडीएस मीटर आता स्वस्तात मिळतो, आणि आरओची मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे तो हमखास असतो.

निवडलेला दगड चुलीवर उकळू नये. आत मुरलेले पाणी तापून वाफ झाली की दगड फुटून उडू शकतो. तो ब्रशने घासून बादलीत ठेवावा, त्यावर उकळते पाणी ओतावे आणि निवू द्यावे. असे दोन-तीन वेळा करणे पुरेसे असते.

वाळूबाबत थोडक्यात. गोदावरीच्या वाळूत चुनखडीचे आणि शिंपल्याचे बारीक तुकडे असतात, म्हणून मूठभर वाळू वाटीत घेऊन तिच्यावरही व्हिनेगरची परीक्षा करावी. बांधकामावरची वाळू घेतली तर तिच्यात सिमेंट मिसळलेले नाही, याची खात्री करावी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती धुवावी. पंधरा-वीस पाणी लागतात. टाकीत तिचा थर एक इंचापेक्षा जाड नसावा. दुकानातले निळे-गुलाबी रंगवलेले खडे मी घेत नाही, कारण नखाने खरवडले की अनेकांचा रंग निघतो. काचेच्या गोट्या पाण्यात काही सोडत नाहीत, परंतु त्यांच्या फटींत दाणे पडून कुजतात.

चौथी पायरी: गुहा आणि तिची भोके

बेटाला लपायला जागा लागते. ती नसेल तर तो दिवसभर काचेला नाक लावून वर-खाली करत राहतो किंवा कोपऱ्यात फिक्या रंगाने पडून राहतो. पण गुहा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: बेटाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवेतला प्राणवायू घेणारा एक खास अवयव असतो, आणि त्याला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. पाणी कितीही चांगले असले तरी अडकलेला बेटा गुदमरून मरतो. म्हणून गुहेच्या प्रत्येक भोकाला एकच नियम लावावा. ते इतके लहान असावे की माशाचे डोके आत जाणारच नाही, किंवा इतके मोठे असावे की मासा आत जाऊन सहज वळू शकेल. घातक असते ते या दोन मापांच्या मधले भोक, ज्यात डोके जाते आणि पोट अडकते.

या कसोटीला सर्वांत आधी नापास होते ती कुंभाराकडची छोटी कुंडी. न रंगवलेल्या, भाजलेल्या मातीची कुंडी आडवी ठेवली की छान गुहा होते, पण तिच्या तळाशी पाणी निघण्यासाठी बोटभर भोक असते आणि मासा नेमका त्यातच डोके घालतो. ते भोक गोट्याने घट्ट बंद करावे किंवा बिनभोकाचे बोळके घ्यावे. संक्रांतीच्या सुगडांचा विचार अनेकांच्या मनात येतो. साधे, बिनरंगी सुगड चालेल, मात्र गेरू लावलेले, रंगवलेले किंवा चकाकणारा लेप दिलेले मातीचे भांडे टाकीत ठेवू नये, कारण अशा लेपांत आणि रंगांत जड धातू असू शकतात. दिवाळीच्या जुन्या पणत्यांत तेल मुरलेले असते, त्याही नकोत.

माझी स्वतःची पसंती करवंटीला आहे. अर्धी करवंटी घेऊन तिच्यावरचा काथ्या सुरीने पूर्ण खरवडावा, आतले खोबरे काढावे, कडेला माशाला सहज जाता येईल असे दीड-दोन इंचाचे दार कापावे आणि सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. मग ती पाणी बदलत दोन-तीन वेळा उकळावी. खोबऱ्याचा अंश राहिला तर पाण्यावर तेलकट पापुद्रा येतो आणि हवा घ्यायला वर येणाऱ्या बेटाला तो त्रासदायक ठरतो, म्हणून येथे आळस करू नये.

पीव्हीसी पाइपचा दोन इंच व्यासाचा नवा तुकडाही चालतो. दिसायला साधा असला तरी मासा तक्रार करत नाही. शेतावरचा जुना पाइप किंवा ठिबकची नळी मात्र कदापि वापरू नये, कारण त्यांतून खते आणि औषधे वाहिलेली असतात. दुकानात मिळणाऱ्या रेझिनच्या किल्ल्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. दिवाळीत अंगणात देवगिरी उभा करणाऱ्या मुलांना ते हमखास आवडतात, पण त्यांच्या खिडक्या वर सांगितलेल्या त्याच धोक्याच्या मापाच्या असतात आणि आतल्या बंद पोकळीत घाण पाणी साचून राहते. मुलांनी हट्टच धरला, तर सर्व खिडक्या मत्स्यटाकीसाठीच्या सिलिकॉनने आतून बुजवाव्यात आणि ते पूर्ण वाळून आंबट वास जाईपर्यंत किल्ला बाहेर ठेवावा.

पाचवी पायरी: लाकूड आणि बदामाचे पान

झाडावरून तोडलेली ओली फांदी टाकीत घालू नये. ती कुजते आणि तिचा चीक पाण्यात उतरतो. कण्हेर आणि रुई ही झाडे विषारी आहेत, आणि कडूनिंब कितीही औषधी मानला तरी त्यातली द्रव्ये माशांना अपायकारक आहेत, तेव्हा औषध म्हणूनही निंबाचा पाला टाकीत टाकू नये. लाकूड हवेच असेल तर मत्स्यटाकीसाठी विकले जाणारे, जड आणि पाण्यात बुडणारे ओंडके घ्यावेत. ते तासभर उकळावेत, मग बादलीत दोन-तीन आठवडे भिजत ठेवावेत आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. सुरुवातीला पाणी चहासारखे होते. तो टॅनिनचा रंग असून बेटाला तो अपायकारक नसतो. रानात तो अनेकदा अशाच तांबूस पाण्यात राहतो.

आता बदाम. शाळेच्या आवारात आणि जुन्या वाड्यांच्या अंगणात असणारे, मोठ्या पानांचे आणि फांद्यांचे मजले पसरणारे जे झाड आपण देशी बदाम म्हणतो, त्याची वाळलेली पाने जगभरातले बेटा पाळणारे लोक पाकिटातून विकत घेतात. आपल्याकडे ती हिवाळ्यात झाडाखाली पडलेली असतात. पूर्ण तपकिरी झालेले, आपोआप गळलेले, बुरशी आणि पक्ष्यांची विष्ठा नसलेले पान घ्यावे; हिरवे पान तोडून आणू नये. झाड वाहत्या रस्त्याच्या कडेला किंवा फवारणी होणाऱ्या शेताजवळ नसावे. पान धुऊन त्यावर उकळते पाणी ओतावे आणि २० लिटरला एक मोठे पान या प्रमाणात टाकीत सोडावे. एक-दोन दिवसांत ते बुडते. त्यातल्या टॅनिनमुळे बुरशी आणि जंतूंना काहीसा आळा बसतो, मासा त्याच्याखाली लपतो, आणि नर त्याच्या आडोशाला फेसाचे घरटेही बांधतो. तीन-चार आठवड्यांत पानाची जाळी उरली की ते काढावे. या पानाने पीएच उतरतो असे सांगितले जाते आणि मऊ पाण्यात ते खरेही आहे, पण आपल्या क्षाराच्या पाण्यात एका पानाने पीएचमध्ये फारसा फरक पडत नाही, म्हणून त्या आशेने पाच-सहा पाने टाकू नयेत.

सहावी पायरी: जिवंत वनस्पती

प्लास्टिकच्या रोपावर खर्च करण्यापेक्षा अनुबियास किंवा जावा फर्न घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन्ही वनस्पती कमी उजेडात वाढतात, आपले क्षाराचे पाणी सहन करतात आणि त्यांची पाने गुळगुळीत असतात. त्यांचा आडवा, जाड कंद वाळूत पुरू नये. पुरला तर तो कुजतो. सुती दोऱ्याने तो काळ्या दगडावर बांधावा, काही आठवड्यांत मुळे दगड धरतात. अनुबियासचे रुंद पान पृष्ठभागापासून दोन-तीन इंच खाली येईल असे बसवले, तर मासा त्यावर चक्क आडवा होऊन विसावा घेतो.

नदीतली किंवा तळ्यातली जलपर्णी घरी आणू नये. तिच्याबरोबर गोगलगायी, अळ्या आणि रोगजंतू येतात, आणि फवारणीचे पाणीही तिने शोषलेले असते. दुकानातली रोपेदेखील पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन घ्यावीत. रोपाच्या बुडाला धातूची पट्टी गुंडाळलेली असेल तर ती काढून टाकावी.

तांबे, पितळ, नाणी, घुंगरू, बिदरीच्या वस्तू, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, सिमेंटचे तुकडे आणि आरसा यांना टाकीत जागा नाही. तांबे पाण्यात उतरले की माशांना विषारी ठरते. आरशात दिसणाऱ्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून बेटा दिवसभर कल्ले फुगवत राहतो आणि थकून जातो.

सातवी पायरी: बादलीतले आठ दिवस

वरच्या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झालेली वस्तू आता बादलीत जाईल. दोन भांडी घ्यावीत: बादलीत वस्तू आणि दहा लिटर पाणी, आणि शेजारी काचेच्या बरणीत तेच पाणी, पण काही न टाकता. नळाचे पाणी असेल तर त्यातले क्लोरिन निघून जाण्यासाठी ते आधी एक दिवस उघडे ठेवावे किंवा क्लोरिन काढणारे औषध वापरावे. दोन्ही भांडी सावलीत झाकून ठेवावीत, म्हणजे पाणी उडून हिशेब चुकणार नाही. आठव्या दिवशी दोन्हींचा पीएच आणि टीडीएस मोजावा. बरणीच्या तुलनेत बादलीचा पीएच किंवा टीडीएस स्पष्टपणे चढलेला असेल, पाण्याला वास येत असेल, रंग उतरला असेल किंवा वर तेलकट तवंग दिसत असेल, तर ती वस्तू टाकीत जाणार नाही. लाकूड आणि पानांचा तांबूस रंग एवढाच याला अपवाद. बरणी न ठेवता केवळ बादलीतले पाणी मोजले, तर बदल वस्तूमुळे झाला की पाणी साठवल्यामुळे, हे कळत नाही.

आठवी पायरी: मांडणी

जड दगड वाळू टाकण्यापूर्वी थेट काचेच्या तळावर, पातळ थर्माकोलचा तुकडा खाली देऊन बसवावेत. वाळूवर ठेवलेला दगड मासा किंवा आपला हात लागला की कलंडतो आणि काच तडकते. उंच रोपे आणि गुहा मागे व दोन्ही बाजूंना दाट ठेवाव्यात, समोरचा भाग पोहण्यासाठी मोकळा सोडावा. पाण्याचा पृष्ठभाग किमान अर्धा तरी उघडा राहिला पाहिजे. तरंगणारी रोपे सगळीकडे पसरू लागली तर काढून कमी करावीत. बेटा उडी मारतो, म्हणून झाकण हवे. मात्र झाकण आणि पाणी यांच्यामध्ये दोन इंच हवेची जागा ठेवावी.

परभणीकडच्या थंडीत हीटर लावणाऱ्यांनी कोणतीही प्लास्टिकची किंवा कापडी वस्तू त्याला टेकू देऊ नये. चार बोटे अंतर असावे. फिल्टर स्पंजचा असावा, कारण साध्या फिल्टरच्या तोंडाशी लांब शेपटी ओढली जाते. दगड आणि काच यांच्यातली फट भोकाच्याच नियमाने तपासावी. अशा फटी मांडणीत नकळत तयार होतात.

मासा सोडल्यावर पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शेपटी पाहावी. सरळ, स्वच्छ चीर दिसली तर ती बहुधा सजावटीने पडलेली असते. कड काळपट किंवा लालसर होऊन झिजत असेल तर तो रोग असण्याची शक्यता अधिक. चीर दिसताच औषध टाकण्याआधी संशयित वस्तू बाहेर काढावी, पाणी स्वच्छ ठेवावे आणि पुन्हा ओढणीची परीक्षा करावी. पाणी चांगले असेल तर फाटलेला पर काही आठवड्यांत भरून येतो. नवा भाग आधी पारदर्शक दिसतो, मग त्यात रंग उतरतो.

सजावट धुताना सगळी एकदम नळाखाली घासू नये. तिच्या पृष्ठभागावर माशाची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू वाढलेले असतात आणि क्लोरिनच्या पाण्याने ते मरतात. आठवड्याचे पाणी बदलताना काढलेले जुने पाणी त्याच खुणेच्या बादलीत घ्यावे आणि त्यात एका वेळी एकच वस्तू खळबळून परत ठेवावी. या आठवड्यात करवंटी धुतली, तर दगडांची पाळी पुढच्या आठवड्यात.